दुपारच्या रनमधले एकाहत्तर किलो

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडलेली आहे. माझी लेक ठमी झोपली की मिळेल तेवढ्या वेळात लिहितेय, कुठे तुटलं तर सांभाळून घ्या.

वेळ रात्रीची नव्हती. मंगळवार, दुपारचे सव्वादोन. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा हॉल. लख्ख ऊन.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. माझा नवराही तेच काम करायचा. तो गेला तेव्हा ठमी तीन महिन्यांची होती. आता आठ महिन्यांची झाली होती.

काम आमच्याच बिल्डिंगचं होतं. गच्चीवर मोठी पाण्याची टाकी बसवायची होती. जुनं काँक्रीट ते वजन पेलेल का, हे मला सांगायचं होतं. आजारी पडण्याआधी त्यानेच सॉफ्टवेअरमध्ये बिल्डिंगचं मॉडेल उभं केलं होतं. एकेक बीम, एकेक कॉलम. मला फक्त टाकीचं वजन टाकून रन करायचं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरकडून हिशेब करून घ्यायचा होता.

सेक्रेटरी काका रोज बेल वाजवायचे. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात.

"झालं का तुमचं गणित? लोक माझं डोकं खातायत."

"काका, घाई केली तर टाकी थेट तुमच्या बेडरूममध्ये येईल."

"मग सावकाश करा," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

त्या मंगळवारी रन केलं.

आमची एक सवय होती. निकाल बघण्याआधी बेरीज करायची. आपण मॉडेलवर टाकलेलं वजन आणि बिल्डिंगच्या पायाने उचललेलं वजन सारखं आलंच पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी बिल्डिंगचं स्वतःचं वजन धरायला विसरले होते. शेजारच्या टेबलावरून तो म्हणाला होता, "मॅडम, बिल्डिंग हवेची बांधलीत का?" तिथून आमचं सुरू झालं.

मी बेरीज केली.

पायावर थोडं जास्त वजन येत होतं...

एकाहत्तर किलो.

अख्ख्या बिल्डिंगपुढे हे काहीच नाही. कुणीही सोडून दिलं असतं. पण त्याने मला सोडून द्यायला शिकवलं नव्हतं. मी सगळी यादी तपासली. असं वजन कुठेच टाकलेलं नव्हतं. मग ते कुठल्या कॉलमांवर येतंय ते पाहिलं. आमच्या हॉलचे चार कॉलम. तेही आमच्या मजल्यापासून खाली, बाकी कुठेच नाही. कुणावर किती, यावरून नेमकी जागा काढता येते.

काढली.

तिसरा मजला. खिडकीपासून चार फूट.

मी मान वळवली...

तिथे त्याची लाकडी खुर्ची होती. रिकामी.

ठमी कधीच जागी झाली होती. रडत नव्हती. कुणीतरी उचलून घ्यावं तसे दोन्ही हात तिने खुर्चीकडे पसरले होते.

मी आत जाऊन सासूबाईंना विचारलं, "आई, आजारी पडायच्या आधी ह्याचं वजन किती होतं हो?"

"एकाहत्तर. का गं?"

"सहज."

त्यांनी ताट वाढायला घेतलं. मग म्हणाल्या, "तू आधी दोन घास खाऊन घे."

टाकीच्या वजनाने जिन्याजवळचा एक कॉलम फेल होत होता. तो किती जाड करायचा हे एका फटक्यात कळत नाही. माप वाढवायचं, रन करायचं, बघायचं. बुधवारी माप वाढवून रन केलं.

खुर्ची करकरली...

बेरजेतला फरक आता चौसष्ट किलो होता. जागा तीच.

कपाटातून हॉस्पिटलची फाइल काढली. दर सोमवारी त्याचं वजन करायचे. एकाहत्तर. चौसष्ट. सत्तावन्न. एकोणपन्नास.

पुढचा रकाना कोरा.

मी लॅपटॉप मिटला. चार दिवस उघडला नाही.

काका म्हणाले, "एवढं काय बघायचंय त्यात? द्या सही करून."

देता आली असती. पण त्या कॉलमच्या आधाराने सगळी बिल्डिंग जिना चढते. उद्या ठमी चढेल. आणि न तपासता सही, हे त्याला मेल्यावरही चाललं नसतं.

तिसरं रन. खुर्ची करकरली, पण हळू. सत्तावन्न.

चौथं. कान देऊन ऐकावं लागलं. एकोणपन्नास.

कॉलम अजूनही किंचित कमी पडत होता. आणखी एक रन हवं होतं.

त्याच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमधून मी ठमीला दूध पाजायला घरी आले होते. तासाभरासाठी. तेवढ्यात तो गेला. शेवटी 'ती कुठे आहे?' असं विचारत होता, नर्स म्हणाली.

या वेळी मी माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली. ठमीला मांडीवर घेतलं; तिने परत त्या खुर्चीकडे हात पसरले. एक हात त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

लाकूड कोमट होतं... ऊन त्या बाजूला नव्हतं.

"मी इथेच आहे," म्हटलं. आणि रन दाबलं.

खुर्ची वाजली नाही.

कॉलम पास झाला. बेरीज केली. फरक शून्य.

हाताखालचं लाकूड गार होत गेलं. ठमीने पसरलेले हात खाली घेतले आणि रडायला लागली. कितीतरी वेळ थांबेचना.

रिपोर्ट गेला. कॉलम जाड झाला, टाकी बसली.

परवा एक गोष्ट लक्षात आली. हे सॉफ्टवेअर प्रत्येक रनच्या आधीची फाइल आपोआप बाजूला ठेवतं. पहिल्या मंगळवारची, रन दाबण्याआधीची फाइल तशीच आहे. एकदाही रन न केलेली.

ती रन केली तर तो परत येईल. पूर्ण एकाहत्तर किलोचा. असं मला वाटतं.

पण दुसऱ्या दिवशी तो आहे ना, हे बघितल्याशिवाय मला राहवेल? आणि बघायचं म्हणजे परत रन करायचं. परत चौसष्ट. परत सत्तावन्न.

ते सगळं त्याला पुन्हा भोगायला लावायचं, फक्त मला तो हवा म्हणून?

फाइल पुसायलाही हात धजत नाही.

आत्ता ठमी झोपलीये. दुपारचे दोन वाजून गेलेत. माउसचा बाण त्या फाइलवर नेऊन ठेवलाय...

अजून दाबलेलं नाही.