अर्धा काना

साहेब, तुमचा अहवाल खोटा आहे. माझा भाऊ शार्दूल उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जमिनीखालची टाकी साफ करायला उतरला आणि आत साचलेल्या वायूनं गेला, इथपर्यंत ठीक. पुढं तुम्ही लिहिलंत, 'मृत्यू तत्काळ'. तुम्ही तिथं होतात?

मी समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

कारखान्यानं त्याचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत परत पाठवले. तळव्यांना टाकीतला काळा चिखल वाळून बसला होता. आईनं मला ते धुऊ दिले नाहीत. "राहू दे. त्याच्या पायाची माती हाय ते." महिनाभर ती ताटावर बसायची आणि तशीच उठायची. मग एक दिवस तिनंच लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी केली. बरणीतली बाग करायची म्हणाली, मोबाइलवर पाहिली होती. बुटांचा चिखल खरवडून तिनं खतमातीत मिसळला. मी अडवलं नाही. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

झाडं घ्यायला आम्ही दिवाकरभैयाच्या नर्सरीत गेलो. आईची अट एकच. "सीझनवाला नको भैया, बारामासी दो. मले अजून एक मरताना नाही पाहायचं."

तिनं सदाफुली उचलली. "नहीं माताजी, उसको धूप चाहिए. बंद बरनी में सड़ जाएगी." निवडुंगही त्यानं बाजूला ठेवला. शेवटी नेचा, लाल शिरांचा फिटोनिया, बुटका पेपेरोमिया आणि मूठभर शेवाळ घेतलं. "ढक्कन लगा दो, अपना पानी खुद बना लेंगे. सुबह काँच पे भाप आएगी, दोपहर तक साफ. डरना मत."

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी, खिडकीत, आठ दिवस तसंच झालं.

नवव्या दिवशी दुपारी काच साफ झाली, पण वाफेचा एक ठिपका राहिला. रुपयाएवढा. तो मोठा व्हायचा, लहान व्हायचा. दवाखान्यात मोजते तसं मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बत्तीस. धडधाकट माणूस बारा ते वीस श्वास घेतो. दुसऱ्या दिवशी अडतीस भरले.

दिवाकरभैयाला बोलावलं. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. चहा न घेताच चपला घालू लागला. "पौधे ठीक हैं, दीदी," एवढंच म्हणाला.

रविवारी दुपारी आई बरणीपुढं बसली. "शार्दूल, साहेबानं लिहिलं हाय, तू लगेच गेला म्हणून. खरं हाय ना बेटा?"

ठिपका पसरला. त्या वाफेत, काचेच्या आतल्या बाजूनं, रेघा उमटल्या. आधी ह. मग व.

शार्दूल इथं छत्तीसगढातच वाढलेला. त्याच्या तोंडात 'हो' नव्हतंच, छत्तीसगढी 'हव'च असायचं. आई त्याला टोकायची, "हो म्हण ना रे पोट्ट्या, हव हव काय लावलं!"

"हव म्हणून राहिला!" आई हसली. मग रडली. मग उठून वरणात दोन पोळ्या कुस्करून खाल्ल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

मी तिथंच बसून होते.

व-च्या शेजारी आणखी एक रेघ वरून खाली सरकत होती. सावकाश. अर्ध्यावर थांबली.

तो काना होता.

आईला तो 'हव' म्हणत नव्हता. तो हवा मागत होता.

मोजले. चव्वेचाळीस. मग दहा. मग काच स्वच्छ.

मी झाकण काढलं. आत झाडं हिरवीगार. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला काळ्या चिखलात चार बोटं ओढलेली होती. माणसाची. ओली.

ते मी पुसलं. आईला सांगितलं नाही, सांगणारही नाही. ती जेवते आहे.

तुम्ही मात्र सांगा. त्या टाकीलाही लोखंडी झाकण असेलच. ते तुम्ही उलटून पाहिलं होतं का? हो की नाही, साहेब. लेखी द्या.