बिननाकाची राणी

बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी आईचा मोबाइल तिच्या अंगठ्याने उघडेनासा झाला. दुरुस्तीवाल्याने माझ्या अंगठ्याची नोंद केली, तर तो मुकाट उघडला. म्हणजे बिघाड मोबाइलमध्ये नव्हता. घरी येऊन आईचा अंगठा खिडकीशी नेऊन पाहिला. पेरावर एकही रेष नव्हती. भांडी घासून झिजल्या असतील, असं ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

बाबांनी आयुष्यभर अठराव्या शतकातल्या ब्रिटिश सोन्याच्या गिन्या जमवल्या. हिरव्या मखमलीच्या खणांत राजांचे चेहरे ओळीने पहुडलेले असत. नाणं कडेनेच धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, हा त्यांचा दंडक. अपवाद फक्त एका गिनीचा. तिच्यावर राणी होती, आणि शेकडो हातांतून फिरून तिचं नाक पार सपाट झालेलं. वाचताना बाबा तिच्यावर अंगठा फिरवत बसत. आई तिला 'बिननाकाची सवत' म्हणायची.

आता दुपारभर ही सवत आईच्या मुठीत असे.

एकदा खण आवरताना मी ती गिनी भिंगाखाली धरली. राणीला नाक होतं. केसांची बट न् बट सुटी दिसत होती.

मी ती बाबांच्या ओळखीच्या नाणेविक्रेत्याकडे नेली. कडेवरची जुनी खाच पाहून नाणं तेच असल्याचं त्याने मान्य केलं. वजन केलं. काटा पुसून पुन्हा केलं.

"ताई, सोनं झिजतं," तो म्हणाला. "भरून येत नाही."

गिनी दुकानात ठेवून घ्यायला मात्र तो तयार झाला नाही.

तोवर शेजारणी म्हणायला लागल्या होत्या की आई तरुण दिसते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषाही.

मी गिनी कपाटात कुलूपबंद केली. आई जेवेना.

"दे गं ती. तिच्यावर ह्यांचा अंगठा लागतो मला."

"आई, ती तुला झिजवतेय. तुला दिसत नाही?"

"दिसतं की. तुझ्या बाबांनी तरी दुसरं काय केलं जन्मभर?" ती हसली. गालावर काहीच उमटलं नाही.

संध्याकाळी ती रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत बसली होती. मी कपाट उघडलं. गिनी उबदार होती, नुकती कुणी हातातून खाली ठेवावी तशी.

मी ती आईला परत दिली. निदान तिचा हात तरी रिकामा राहू नये.

राणी आता टांकसाळीतून आजच आल्यासारखी दिसते.

काल आईने वर्तमानपत्र मागितलं. मी तिला चष्मा लावून दिला. तो घसरून तिच्या मांडीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

मग तिचं वाचून होईपर्यंत मी तो तिच्या डोळ्यांसमोर धरून बसले.