दीपगृहावरचा पक्षी

“गप्पू, हलू नकोस! हललास की बटाट्यासारखा दिसतोस!” भिंगरीने दटावले.

“न हलताही तसाच दिसतो तो,” लंबू म्हणाली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर गप्पू मघापासून हात पसरून उभा होता. त्याला उडताना दिसायचे होते! शाळेला सुट्टी, वर निळेशार आकाश आणि भिंगरीच्या गळ्यात तिचा पहिलावहिला डीएसएलआर कॅमेरा! लंबू ही वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, तर गप्पू झोपेतसुद्धा बोलणारा. भिंगरीचा पाय एका जागी ठरत नसे, पण कॅमेरा हातात आला की ती खांबासारखी स्थिर होई.

खटॅक!

तिघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकी घातली.

“अरेच्चा! माझ्या डोक्यावर पक्षी कुठून आला?” गप्पूने विचारले.

खरेच की! फोटोत वर उजव्या कोपऱ्यात पंख पसरलेला एक इवलासा पक्षी होता. तिघांनी माना वर केल्या. आकाशात चिटपाखरू नव्हते.

“उडाला असेल,” लंबू म्हणाली.

भिंगरीने पुन्हा फोटो घेतला. पक्षी तिथेच! मग तिने कॅमेरा उभा धरला. आता पक्षी भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखा सरळ वर निघाला होता. ती तडक जिना उतरून खोलीत आली आणि तिने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर पक्षी! मग मोरीतल्या भिंतीचा काढला. तिथेही पक्षी!

“बेटा भलताच चिकट आहे!” गप्पू ओरडला.

“लेन्सवर काहीतरी लागलं असेल. थांब, ताईची लेन्स आणते,” म्हणून लंबू धावली. तिच्या ताईचा कॅमेरा याच जातीचा होता. लेन्स बदलली, पुन्हा खटॅक झाले, पण पक्षी काही हलला नाही.

“म्हणजे दोष आत, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर आहे,” लंबू म्हणाली. “पण कॅमेरा तर जवळजवळ नवा ना गं?”

‘जवळजवळ नवा’ हे मामाचे शब्द होते. भिंगरीचा मामा फोटोग्राफर. फोटोच्या बाबतीत मामा म्हणेल ती पूर्व दिशा! दुकानात भिंगरीला एक लहानसा, साधा, नवा कॅमेरा आवडला होता. तो तिच्या मुठीत बरोबर बसत होता आणि बोट आपोआप बटणावर पडत होते. पण मामाने तो तिच्या हातातून काढून काउंटरवर ठेवला होता.

“खेळणं आहे गं हे! माझ्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर आहेत. हौसेने मोठा कॅमेरा घेतला आणि कपाटात ठेवून दिला. जवळजवळ नवा! तो मिळवून देतो तुला.”

आईने मामावर विश्वास ठेवून पैसे दिले, मामाने कॅमेरा आणला आणि वर गुरुमंत्रही दिला. “सुरुवातीला फक्त माणसांचे चेहरे टिप, तेही चौकट भरून. आकाश-बिकाश नको!” भिंगरीने तो मंत्र मनोभावे पाळला होता. पहिला फोटोही, लहानपणी ठरल्याप्रमाणे, तिने मामाचाच काढला होता. आज गप्पूने हट्ट धरला म्हणून आकाश आले, एवढेच.

“आकाश नको, असं का म्हणाला असेल?” लंबूने विचारले.

“पाणी मुरतंय कुठेतरी,” गप्पू म्हणाला आणि चक्क गप्प बसला.

भिंगरीची नजर पलंगाच्या वर गेली. तिथे मामाने वाढदिवसाला दिलेला मोठा फोटो होता. त्यात समुद्र, दीपगृह, मोकळे आकाश आणि कोपऱ्यात एक पक्षी. त्या पक्ष्यासाठी मामा पाण्यात कसा ताटकळत उभा राहिला, ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. लहान असताना झोपण्यापूर्वी ती त्या पक्ष्याला टाटा करायची.

तिने फ्रेम खाली उतरवली आणि शेजारी कॅमेरा धरला. कोपरा तोच. डावा पंख तसाच जरासा वाकडा.

भिंगरीने फ्रेम पलंगावर ठेवली.

“हा मामाचाच जुना कॅमेरा आहे. डॉक्टर-बिक्टर कुणी नाही!”

“आणि पक्षीही नाही,” लंबू हळूच म्हणाली.

भिंगरीचे डोळे भरून आले. परक्याने फसवले असते तर ती नुसती चिडली असती. पण ज्याच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा कॅमेऱ्यातून जग पाहिले, त्यानेच केसाने गळा कापला होता!

“आईला सांग!” गप्पू म्हणाला.

“नको. धूळ बसली असेल, पुसून देतो, असं म्हणून मामा हसण्यावारी नेईल.” भिंगरीने नाक पुसले. “हे त्याच्याच तोंडून बाहेर यायला हवं.”

रविवारी संध्याकाळी मामा चहाला आला. गळ्यात नवाकोरा कॅमेरा! आई-बाबा समोरच बसले होते.

“मामा, ती दीपगृहाची गोष्ट सांगा ना!” गप्पूने गळ टाकला.

मामाला तेवढेच हवे होते. “अरे, काय सांगू! लाटा गुडघ्यापर्यंत, हात बधिर झालेले! म्हटलं, फोटोत काहीतरी कमी आहे. आणि अचानक हा पठ्ठ्या आला! तसा पक्षी पुन्हा काही दिसला नाही.”

“आम्हाला दिसला!” म्हणत लंबूने छापून आणलेला एकेक फोटो टेबलावर मांडला. “हा टाकीवर. हा खोलीतल्या भिंतीवर.”

“आणि हा मोरीत!” गप्पू म्हणाला. “आंघोळीला आला असेल!”

बाबा खो खो हसले. मग त्यांनी फोटो नीट पाहिले आणि त्यांचे हसू मावळले. आईने आतून दीपगृहाचा फोटो आणून त्या रांगेत ठेवला.

“काय रे, डॉक्टरांच्या कपाटातल्या कॅमेऱ्याने तू हा फोटो कसा काढलास?”

मामाचे पितळ उघडे पडले. त्याने कप खाली ठेवला. “साफ करताना सेन्सरवर ओरखडा उठला गं. गिऱ्हाइकांच्या फोटोतून मी तो पुसून टाकायचो. या एका फोटोत तेवढा शोभून दिसला. बाकी कॅमेरा उत्तम चालतो! मला नवा घ्यायचा होता आणि म्हटलं, हिला कुठे कळणार आहे!”

‘हिला कुठे कळणार आहे!’ हे भिंगरीला सगळ्यात जास्त लागले.

“तुझा आहे म्हणून सांगितलं असतंस ना मामा,” ती म्हणाली, “तर मी तो पक्ष्यासकट घेतला असता. सगळ्यांना मिरवून दाखवला असता.”

मामाला मान वर करता येईना. आईने इतकेच म्हटले, “उद्या दुकानात जायचं. तिच्या हाताला जो बसेल, तोच कॅमेरा. आणि तो तू घेऊन द्यायचा.”

दुसऱ्या दिवशी सगळी वरात दुकानात गेली. भिंगरीने तोच लहानसा कॅमेरा उचलला आणि बोट आपोआप बटणावर पडले. दुकानाच्या मालकीणबाईंना सारी हकिकत कळली, तेव्हा त्या म्हणाल्या, “भिंतीचा फोटो काढून कॅमेरा पारखणारी गिऱ्हाइकं मी पहिल्यांदाच पाहिली!”

“शाबास रे पोरांनो!” बाबा म्हणाले. “तुमच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही!” आईने तिघांच्याही पाठीवर हात फिरवला. गप्पू फुगला, लंबू लाजली. भिंगरी हसली खरी, पण अगदी थोडेसे.

दुकानाबाहेरच्या पायरीवर मामाने कॉलर सरळ केली. “चला, पहिला फोटो मामाचा! ठरलंय ना आपलं?”

भिंगरीने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत मामा हसत उभा होता. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग कॅमेरा वर उचलला, त्याच्या डोक्यावरून, थेट आकाशाकडे.

खटॅक!

तिघांनी पडद्यावर डोकी घातली. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, रिकामे आकाश.

“पक्षी नाही,” गप्पू म्हणाला.

“नव्हताच कधी,” भिंगरी म्हणाली.