रांपणीतला पुसलेला माणूस

"हवालदारकाका, जरा इकडे या. लवकर."

सुविधाचा आवाज चढलेला नव्हता. तरी सगुण हळर्णकरांनी चहात बुडवलेला उंड्या पावाचा तुकडा बशीतच सोडला आणि ते उठले. पोलिसात उभी हयात गेली होती. घाबरलेल्या माणसाची हाक वेगळी आणि हरलेल्या माणसाची वेगळी, हे त्यांच्या कानांना कळत होतं.

पेडण्यातल्या त्यांच्या घराची पुढची खोली सुविधा गावकरनं पावसाळ्याआधी भाड्यानं घेतली होती. डिचोलीची मुलगी, फोटो काढणारी. लग्नामुंजीचे नव्हे; माणसांचे, कामाचे, समुद्राचे. दोन दिवसांनी पणजीत कलामेळा सुरू व्हायचा होता आणि तिथं फोटो विकायला मांडण्यासाठी तिला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. गेले कित्येक दिवस तिचा एकच उद्योग चालला होता. म्हापशाहून मोठाले छाप काढून आणायचे, पांढरे हातमोजे घालून एकेक तपासायचा, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं सही करायची आणि मध्ये तलम कागद घालून टेबलावर रचून ठेवायचे. फ्रेमांचं काम बाजारातल्या तुषार परबकडे होतं.

आता ती रास चिंब भिजली होती. तलम कागद छापांना चिकटले होते. कडा फुगून लाटांसारख्या वर आल्या होत्या. सुविधा शेजारी उभी होती आणि हातमोजे घालावेत की नाहीत हेही तिला सुचत नव्हतं.

"रात्री मी म्हापशाला मैत्रिणीकडे राहिले," ती म्हणाली. "पहिल्या बसनं आले. कुलूप नीट होतं."

घराकडून उघडणाऱ्या आतल्या दारात गंगा येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या खांद्यावरून तिनं टेबलाकडे पाहिलं.

"कौलां सरकली असतली," ती म्हणाली. "माकडां नाचतत वर. सांजेक सर येऊन गेली मां."

सगुणांनी मान वर करून कौलांकडे पाहिलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि वाशावरून बोट फिरवलं. बोटाला कोरडी धूळ लागली. दोन वाशांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, तेही अखंड.

"पाणी वरून नाय पडला," ते खाली उतरत म्हणाले. "कोणी तरी ओतला."

सुविधाचा चेहरा पांढरा पडला. गंगा आत निघून गेली.

सगुण खोलीभर फिरले. निवृत्त झाल्यापासून असं काम हाती आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. बाहेरच्या दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. खिडकीचे गज शाबूत. आतल्या दाराला घराच्या बाजूनं कडी असायची, म्हणजे तिकडून चोर येण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी ते दार मनातल्या मनात वजा केलं.

कपाटावर एक छाप वेगळा ठेवलेला दिसला. ग्रामदेवतेच्या पालखीचा. पूर्ण कोरडा.

"हा तू इथं ठेवलास?"

"नाही. हा राशीत मध्ये होता."

छापाच्या पांढऱ्या कडेवर बोटाएवढा तांबडा डाग होता. सगुणांनी तो उजेडात धरला.

"देवाला भिणारा माणूस आहे," ते म्हणाले. "आणि हाताला तांबडी माती. बाहेरच्या दाराची दुसरी चावी कुणाकडे?"

"तुषारकडे. मी नसताना मापं घ्यायला यायचा तो." ती थांबली. "पण तो असं नाही करणार, काका. परवा मी त्याला जरा बोलले, तेवढंच. माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, तिरका कापला होता त्यानं."

"कुणासमोर बोललीस?"

"दुकानात. गिऱ्हाइकं होती."

सगुणांनी मान हलवली. चावी, राग आणि हाताची माती. त्यांना आणखी काय लागणार होतं?

तुषार त्यांना सिद्धेशच्या चहाच्या दुकानात सापडला. नदीपलीकडच्या आरोंद्याचा हा तरुण काही वर्षांपूर्वी पेडण्यात आला होता आणि भाड्याच्या गाळ्यात फ्रेमा करून पोट भरत होता. दुकानात सकाळची गर्दी होती. बाहेर बोलावून विचारता आलं असतं. सगुणांनी तिथंच विचारलं.

"काल सांजेक खंय होतंस?"

"बायच्या खोलयेत इल्लंय. मापां घेतली आणि गेलंय."

"त्याच्या आधी?"

"मयेक. भावाच्या ट्रकातसून परत इलंय."

"खाणीवरचा ट्रक?"

"होय."

"म्हणजे हाताला माती होती."

"हात धुतलंय मी. काय झाला, हवालदारानू?"

"फोटोंवर पाणी कोणी ओतला?"

तुषार उभा राहिला. "माका म्हायत नाय. मी इल्लंय तेवा फोटो सुके होते."

"चारचौघांत बोलली म्हणून राग होता तुला."

"राग इल्लो. म्हणून मी कोणाचा काम नासवतलंय?"

"चावी दुसऱ्या कुणाकडे नाही, तुषार. विचार करून बोल. मी आयुष्यात चुकीच्या माणसावर हात टाकलेला नाही."

गल्ल्यामागे सिद्धेश कप विसळत राहिला. तुषारनं खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. तो गेल्यावर कोपऱ्यातला कुणीतरी म्हणाला, "म्हणूनच मी माझी गणपतीची फ्रेम दुसरीकडे दिली." सगुणांना ते ऐकू आलं. छातीत जरा खुपलं, पण ते घराकडे वळले.

सुविधानं भिजलेले छाप एकेक करून चटईवर पसरले होते. तिला वेगळीच शंका पडली होती.

"काका, हे बघा. ही शाई पाण्यानं ओघळत नाही. कागद फुगतो, वाकतो, पण चित्र जात नाही. हे सगळे बघा, रंग जागच्या जागी आहेत."

"मग?"

"हा एकच बघा."

तो हरमळच्या किनाऱ्यावरच्या रांपणीचा फोटो होता. पहाटेच्या उजेडात रांगेनं उभी राहून जाळ्याचा दोर ओढणारी माणसं. दणकट पाठी, ओल्या लुंग्या. रांगेत मधल्या एका माणसाच्या खांद्यावर चेहरा नव्हता. कागदाचा थर घासून काढल्यासारखा खरवडला होता आणि खालचा कापसासारखा गर वर आला होता.

"हे पाण्यानं झालेलं नाही," सुविधा म्हणाली. "ओल्या फडक्यानं रगडलंय. एकाच जागी. बाकीच्यांवर पाणी ओतलं ते..."

"हे दिसू नये म्हणून," सगुणांनी वाक्य पुरं केलं.

ते बसले. मघाशी खुपलेली जागा पुन्हा दुखू लागली. तिरक्या माउंटच्या रागापायी कुणी समुद्रावरच्या एका माणसाचा चेहरा का पुसेल?

"मूळ फोटो आहे तुझ्याकडे?"

"लॅपटॉपवर आहे."

"दाखव. तेवढाच माणूस मोठा कर."

सुविधानं तो मोठा केला. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी, दोराच्या ओढीनं दात आवळलेले. सगुण पुढे वाकले. मग त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला.

"ओळखता तुम्ही याला?"

"तुषारला बोलावून आण," ते म्हणाले. "माझं नाव सांगू नकोस. येणार नाही तो."

ती गेल्यावर ते पालखीचा छाप घेऊन खिडकीशी गेले. तांबड्या डागावर त्यांनी करंगळी घासली, नाकाशी नेली. ती माती नव्हती. ओट्यावर टेकून बसले तेव्हा त्यांच्या मनात आलं, हे सगळं इथंच मिटवता येईल. तुषार परका माणूस. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. हा विचार आपण केला, याचीच त्यांना लाज वाटली.

तुषार आला तो उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता. सगुणांनी आतल्या दाराशी जाऊन हाक मारली.

"गंगा, बाहेर ये."

गंगा आली. ओले हात पदराला पुसत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"सकाळी मी तुषारला दुकानात चोर ठरवलं," सगुण म्हणाले. "चुकलो. कसा ते सांगतो. सगळ्यांनी ऐका."

त्यांनी पालखीचा छाप उचलला.

"ज्यानं पाणी ओतलं त्यानं आधी देवाचा फोटो बाजूला काढला. त्यावर तांबडा डाग आहे. मला वाटलं, मयेच्या खाणीतली माती. ती पिंजर आहे, कुंकू. देवाला बोट लावायचं आणि कपाळाला लावायचं, किंवा आधी कपाळाला आणि मग देवाला, ही रीत बाईमाणसाची. तुषारच्या कपाळावर पिंजर नसते."

गंगानं मान खाली घातली.

"दुसरी गोष्ट. मी दोन चाव्या मोजल्या आणि आतलं दार मोजलंच नाही. त्याला कडी आमच्या बाजूनं. म्हणजे बाहेरच्याला बंद, आणि घरातल्याला उघडं. काल संध्याकाळी मी देवळाच्या बैठकीला होतो. घरात एकच माणूस होतं."

"काका," सुविधा हळूच म्हणाली.

"थांब. तिसरी गोष्ट मला सकाळीच कळायला हवी होती. शेजारच्या घरी दुधाची पिशवी फुटली तरी हिला कोणी, कसं, किती सांडलं ते विचारायचं असतं. आज एवढं नुकसान झालं आणि हिनं एक प्रश्न विचारला नाही. माकडांवर घालून आत गेली." त्यांचा आवाज खाली आला. "आणि तो पुसलेला माणूस. तो आमचा गौरेश."

सुविधा त्यांच्याकडे बघत राहिली. बैठकीच्या खोलीतला गौरेशचा फोटो तिनं रोज पाहिला होता. गुळगुळीत दाढी, पांढरा गणवेश. मुलगा मोठ्या जहाजावर आचारी आहे, हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दाढी वाढवलेला, दोर ओढणारा माणूस तोच, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

"तो जहाजार गेलोच नाय," गंगा म्हणाली. कुणाकडेही न बघता. "मुंबयक डाक्टरी तपासणेत नापास झालो. कानाचा काय तरी निघाला. तवसर तुमी गावभर पेढे वाटलात. देवळात त्याच्या नावान नारळ फोडलात. तो माका म्हणालो, आये, आता घराक कसो येव? हरमळाक एका शॅकात, किनाऱ्यावयल्या हाटेलात, रांधता. सकाळी रांपणीक जाता. मी शुक्रवारी म्हापशाक जातंय ता बाजाराक नाय. तो थंय येता, त्याका बघूक."

"आणि जहाजावरून येणारे फोन?"

"ते हरमळासून."

सगुणांनी हातातला पालखीचा छाप कपाटावर ठेवला.

"सुविधान फोटो पसरल्ले तेवा माका दिसलो," गंगा पुढे म्हणाली. "पणजेक हजार लोक येतले. तुमचे पोलिसातले दोस्त येतले. कोण तरी तुमका सांगतलो, हवालदारा, तुझो झील जाळा ओढता. माका दुसरा काय सुचला नाय." मग ती तुषारकडे वळली. "बाबा, तुझा नाव घेतीत असा माका वाटूक नाय. आयकलंय तेवा तोंड उघडूक होया होता. धीर झालो नाय."

सुविधानं रांपणीचा छाप उचलला आणि उलटा करून ठेवला.

"मीही त्याला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "उजेड चांगला होता, काढला. त्यांच्यातल्या कुणालाच मी विचारलं नाही. विकायला मात्र निघाले होते." ती जरा थांबली. "म्हापशाचा छापखाना संध्याकाळपर्यंत बाकीचे पुन्हा काढून देईल. हा नाही न्यायचा."

"फ्रेमा मी आज बसवन देतंय," तुषार म्हणाला. मग सगुणांकडे बघून: "हवालदारानू, माझी माफी हंय मागू नकात. थंय मागा."

सिद्धेशच्या दुकानात दुपारची वेळ असूनही माणसं होती. सगुण मध्ये जाऊन उभे राहिले. तुषार त्यांच्या मागे दाराशी थांबला.

"सकाळी मी या पोराला चोर म्हटलं," ते म्हणाले. "तो चोर नाही. नुकसान माझ्या घरातून झालं, माझ्या बायकोच्या हातून. आणि तिच्यावर ती वेळ माझ्यामुळे आली. माझा मुलगा जहाजावर नाही. तो हरमळला असतो. शॅकमध्ये स्वयंपाक करतो, रांपण ओढतो. मी तुम्हां सगळ्यांना खोटं सांगत होतो. मलाच ठाऊक नव्हतं, पण सांगत होतो."

त्यांना वाटलं होतं, कुणी चमकेल, कुणी हसेल. कुणीच मान वर केली नाही. कोपऱ्यातल्या माणसानं वर्तमानपत्र तोंडासमोर ओढलं. सगुणांनी एकेकाकडे पाहिलं, आणि चोरांची तोंडं वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला ती तोंडं वाचायला वेळ लागला नाही.

"तुम्हांला ठाऊक होतं."

सिद्धेशनं कप खाली ठेवला. "म्हायत होता, हवालदारानू. हरमळ काय लांब? पण तुमी इतक्या खुशीन सांगीत होतात. कोण कसा बोलतलो?"

म्हणजे जहाज कुठल्या बंदरात पोचलं हे ते सांगत, तेव्हा ही सगळी माणसं त्यांच्यावर दया करून माना हलवत होती. सगुणांचे कान तापले. त्यांनी तुषारपुढे हात जोडले. तुषारनं मान हलवली. ती क्षमा होती की पुरे झालं असं म्हणणं होतं, ते त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे असंही वाटलं नाही.

घरी येऊन त्यांनी स्कूटर काढली. गंगानं काही न विचारता चप्पल घातली आणि मागे बसली.

हरमळला रेतीचा रस्ता संपतो तिथं त्यांनी स्कूटर उभी केली. माडांच्या पलीकडे शॅकच्या मागच्या बाजूला कुणीतरी पाठमोरा बसून मासे साफ करत होता. खांद्याची ठेवण त्यांचीच होती. त्यांना हाक मारता आली असती.

"तू पुढे हो," ते गंगाला म्हणाले. "त्याला विचार, बाबा आले तर चालतील का."