उजवा तारा, डावा तारा

चहाला उकळी फुटेपर्यंत तीन विश्वं मेली. डॉ. शाल्मली गुरवने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं चहात आलं किसून टाकलं आणि पेटीला पुढची विश्वं लावायला सांगितली.

माडघर गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विश्वपेटी आल्यापासून हे असंच चाललं होतं. पेटी आकारानं पिठाच्या गिरणीएवढी आणि घरघरही तशीच. आत पुंजसंगणक, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर, आणि बाहेर सहा खुंट्या. गुरुत्वाकर्षण किती, विजेचं बळ किती, अणूचं केंद्रक धरून ठेवणारं बळ किती, अशी निसर्गाची मूळ मापं या खुंट्यांनी लावायची. मापं लागली की आत एक इवलं विश्व सुरू होई. पहिली अब्जावधी वर्षं पेटी झपाट्यानं उरकून टाकी आणि कुठे काही वळवळताना दिसलं की वेग आपोआप उतरे. तरीही आपल्या एका तासात तिथली शतकं सरत. पेटीचा वेग आणखी कमी करता येई, पण ती थांबवली की आतलं विश्व विस्कटून जाई.

वळवळ मात्र जवळजवळ कधीच दिसत नसे. गुरुत्वाकर्षण केसभर वाढलं की तारे भराभर जळून जात आणि केसभर कमी झालं की तारेच होत नसत, नुसतं धुकं. एवढी विश्वं वाया घालवणारी संस्था जगात दुसरी नसेल, असं गावात म्हणत आणि त्यात थोडा अभिमानही असे.

पेटीच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉ. एस्तेर रॉड्रिग्ज मूळच्या वेंगुर्ल्याच्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की इतकी बेतशीर मापं आपल्या विश्वाला आपसूक लागणं शक्य नाही, कुणीतरी ती लावली असणार. शाल्मली म्हणे, "मॅडम, जिथे मापं जुळली नाहीत तिथे विचारायलाच कुणी नसतं. जुळली तिथलेच लोक नवल करत बसतात. त्यात देव कुठून आला?" हा वाद रोज जेवणाच्या डब्याबरोबर उघडे आणि डब्याबरोबर बंद होई.

गंमत अशी, की देव मानणाऱ्या मॅडमपेक्षा न मानणारी शाल्मलीच देवाच्या जास्त जवळ वाढली होती. तिचे वडील दाजी हे माडघरच्या ग्रामदेवतेचे गुरव. गावाला काही अडलं की दाजी देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे फुलांचे ओले कळे चिकटवत आणि गाऱ्हाणं घालत. उजवा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. हाच कौल. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, रेडा घ्यायचा की नाही, सगळं दाजींच्या हातून देवाला विचारलं जाई.

गेल्या महिन्यात दाजी पेटी बघायला आले होते. खुंट्यांची मापं कशी ठरवता, असं त्यांनी विचारलं. "कशीही, अंदाजपंचे," शाल्मली म्हणाली. दाजींना ते पटलं नाही. त्यांनी पिशवीतून कळे काढले, पेटीच्या काचेवर चिकटवले आणि डोळे मिटून विचारलं, "म्हाराजा, ही खुंटी वर की खाली?" सहाही खुंट्या त्यांनी कौलावर लावून घेतल्या. शाल्मलीनं हसत हसत त्या फिरवल्या, आणि ते विश्व जगलं! त्यात तारे तगले, समुद्र साचले, जीव झाले आणि जीव बोलायला लागले. मॅडमनी त्याचं नाव 'दाजीविश्व' ठेवलं. पेटीच्या एका कप्प्यात ते चालूच राहिलं आणि बाकीच्या कप्प्यांत नवी विश्वं लागत राहिली.

शाल्मलीला आभाळ ठेंगणं झालं. आठ वर्षांची तिची मेहनत फळाला आली होती. ओल्या फुलांनी, म्हणजे निव्वळ योगायोगानं लागलेली मापं आणि तरीही जीवन! नंतर कुणी बोट लावलं नाही, कुणी वाट दाखवली नाही. आता तिचा लेख तयार होता आणि आजच संध्याकाळी जायचा होता. अट एकच होती, की त्या विश्वात कुणी ढवळाढवळ केलेली नसावी.

चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच दुभाषी खणखणला. पेटीतल्या जीवांचे संदेश उलगडणारी ती प्रणाली एरवी पिकांचे भाव आणि भांडणंच सांगे. आज पडद्यावर वेगळाच मजकूर होता.

'आम्ही आमच्या विश्वाची मापं काढली. ती आमच्या जगण्यासाठी इतकी नेमकी आहेत की आम्हाला झोप येत नाही. ती कुणी लावली असतील, तर आमच्या आकाशातल्या जोडताऱ्यांपैकी उजवा विझवा. आपोआप लागली असतील, तर डावा.'

शाल्मलीनं कप खाली ठेवला. तिनं मॅडमना हाक मारली. मॅडमनी मजकूर दोनदा वाचला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

"सोपं आहे," शाल्मली म्हणाली. तिचा हात पेटीवरच्या, तारे लावण्या-विझवण्याच्या बटणाकडे गेलासुद्धा. "डावा. लेख बुडाला तरी चालेल, पण खरं ते सांगते."

मॅडम खो खो हसायला लागल्या. "विझव की! पण आपोआप लागलेल्या विश्वात तो तारा विझवला कोणी, असं ते विचारणार नाहीत का गो?"

शाल्मलीचा हात तिथल्या तिथे थांबला. खरंच की! कुठलाही तारा विझवा, विझवणारा आहे हे सिद्ध होणारच. 'कुणी नाही' हे उत्तर द्यायलाही कुणीतरी लागतंच.

"मग गप्प बसते," ती चिडून म्हणाली. "गप्प राहणं हाच नकार."

"गप्प राहणारा देवही असतो बाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माझा तर बहुतेक वेळा गप्पच असतो. म्हणून तो नाही असं मी कधी धरलं नाही."

दुभाषी पुन्हा वाजला. संदेश तोच, पण पाठवणारे त्यांचे पणतू होते. चहा निवेपर्यंत पेटीत पिढ्या सरल्या होत्या. दोन ताऱ्यांकडे बघत बसायची तिथे पाळी लागली होती, आईकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे. कुणीतरी सतत जागं असे, न जाणो, आपल्या पाळीलाच उत्तर यायचं. शाल्मलीला हे वाचवेना. तिच्या घरातही देवळाची पाळी अशीच चालत आली होती, आणि ती मोडून तीच शिकायला निघून गेली होती. तिला त्या जीवांची दया आली, आणि दयेपेक्षा माया जास्त आली.

तेवढ्यात दाजी घावण्यांचा डबा घेऊन सडा चढून आले. लेकीचा चेहरा बघून त्यांनी डबा बाजूला ठेवला. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"उत्तर दे, पण सांभाळून," दाजी म्हणाले. "आज देव आसा काय तां इचारतत. उद्या रेडो खय घेऊचो तां इचारूक येतले. माझ्याकडे येतत तशे. मगे ते आपल्या डोक्यान काय करूचे नाय."

"आणि नाही दिलं तर?"

"तर काय? आपण जगतंव तशे जगतले." दाजींनी जरा विचार केला. "पण इतकी वर्सां वाट बघतत, तेंका नुसता बसवून ठेवणा बरा नाय गो."

"बाबा, दोन्ही कळे एकदम पडले तर तुम्ही काय करता?"

"तेव्हा देव हसलो म्हणतंव. प्रश्न रवांदे, भेटलंव तां पुरे, असो तेचो अर्थ."

शाल्मली पेटीकडे वळली. मग तिनं दोन्ही तारे तसेच ठेवले आणि त्यांच्या मधोमध एक छोटासा, पिवळसर, नवा तारा लावला.

"लेख बुडाला," मॅडम म्हणाल्या.

"बुडू दे," शाल्मली म्हणाली. आठ वर्षं पाण्यात गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. तिला मात्र वर्गात चोरून चिठ्ठी पाठवल्यासारखं हसू येत होतं. तिनं पेटीचा वेग अगदी उतरवला, म्हणजे त्यांचा तास आणि आपला तास एक झाला.

दुभाष्याला दम खायला उसंत मिळेना, अशी तिकडे धमाल उडाली. कुणी नाचत होते. कुणी रडत होते. दोन विद्वानांनी तासाभरात नव्या ताऱ्याचं पूर्ण नैसर्गिक स्पष्टीकरण देऊन टाकलं, आणि ते वाचून शाल्मलीचा ऊर भरून आला. ती स्वतः तिथे असती तर तिनंही हेच केलं असतं. मॅडमनी डोळे पुसले आणि दाजींनी सगळ्यांना घावणे वाढले.

दुपार कलताना शेवटी त्यांचा रीतसर संदेश आला. शाल्मलीला वाटलं, आता मागणी येणार: पाऊस द्या, रोग घालवा, शत्रूचा बंदोबस्त करा. तिनं दाजींकडे बघून कपाळाला हात लावला. पण पडद्यावर एवढंच उमटलं:

'तारा सुंदर आहे. तुम्ही तिकडे एकटेच आहात, की तुमच्याबरोबर कुणी आहे?'

शाल्मलीनं ते पुन्हा वाचलं. आजवर तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, आणि तिला तो कुणी विचारला नव्हता. पहिल्यांदा विचारला तो तिनंच लावलेल्या विश्वानं, तोही इतक्या काळजीनं.

"सांग तेंका," दाजी म्हणाले, "माझो बापूस माझ्याबरोबर आसा म्हणान."

शाल्मली हसली. तिनं तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं. मग मात्र ती गंभीर झाली.

"बाबा, आता ते विचारणार, त्या बापाबरोबर कोण आहे?"

दाजींनी खिडकीबाहेर, सड्यावरच्या उघड्या निळ्या आभाळाकडे पाहिलं.

"तां माका खय म्हायत?" ते म्हणाले. "आपण पण एकदा देवाक तसाच इचारून बघूया काय? काय मागूचा नाय. तू थय एकटोच आसस काय रे, इतक्याच."