पगडीचं माप

वैशाखातली दुपार. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत राजकुंवर दारापुढच्या खाटेवर मुगाचे पापड पसरत होती. गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली म्हणून तिनं मान वर केली, तर दोन बैलजोड्या माना खाली घालून ओढत येताना दिसल्या. बैलांच्या मागे गाडी नव्हती... ट्रक होता.

लष्कराचा जुना मालट्रक. कधीकाळी हिरवा असावा. आता गंजानं तांबूस झालेला, डोक्यावरचं कापड कुजून गेलेलं, पुढच्या एका दिव्याच्या जागी नुसती खोबण. आणि स्टिअरिंग धरून, घामानं न्हालेला, कपाळाला रुमाल बांधलेला एक तरुण.

"जरा खाट बाजूला घेता का?" त्यानं वरून विचारलं.

"पापड ओले आहेत," राजकुंवर म्हणाली. "हलवले तर एकमेकांना चिकटतील. तुम्हीच थांबा ना थोडं."

"थांबलो असतो हो... पण ब्रेक नाहीत."

तिनं खाट ओढली, तीही अगदी वेळेवर. काही पापड धुळीत पडले आणि त्यांच्यावरून ते अवजड चाक सावकाश गेलं. पुढे गेल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं. त्या नजरेत खंत होती, आणि खंतीच्या आड हसूही. राजकुंवर कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. रागवायचं तिच्या मनात होतं, पण ते जमेना.

संध्याकाळी कळलं की हा निर्मलकुमार, भडगावच्या कन्हैयालालशेठचा मुलगा. कन्हैयालाल आणि राजकुंवरचे वडील अमृतलाल लहानपणी एका शाळेत शिकलेले. पासष्टची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती, भुसावळकडे लष्कराची जुनी वाहनं लिलावात निघत होती. निर्मलकुमारनं त्यातला हा महायुद्धाच्या वेळचा ट्रक उचलला होता. तो उभा करायचा आणि गिरणाकाठची केळी, कापूस लांबच्या बाजारात न्यायचा, असं त्याच्या मनात होतं. सुटे भाग आग्रा रोडवर मिळायचे, म्हणून जागा धुळ्यात हवी होती. अमृतलालनी घराला लागून असलेली आपली शेंगांची वखार दिली. नवीन शेंगा दसऱ्यानंतर येतील, तोवर वखार रिकामीच. आपल्या समाजातला, मित्राचा मुलगा. राहायला वखारीतच, जेवायला घरी.

अमृतलालना मुलगा आवडला होता, पण त्याचं काम आवडलं नव्हतं. आपल्या माणसानं दुकानात बसावं, पांढरंशुभ्र धोतर नेसावं, संध्याकाळी हात धुवायचीही गरज पडू नये, असं त्यांचं मत. हा तर दिवसभर ट्रकखाली उताणा पडलेला. "चांगल्या घरचं पोर," ते बायकोला, सूरजबाईंना, म्हणायचे, "पण याला मुलगी कोण देईल?" भाजी चिरता चिरता राजकुंवरचा हात थांबे.

सुटे भाग जमवण्यात महिना गेला, आणि काम सुरू होताच अडलं. दिव्याच्या त्या रिकाम्या खोबणीत चिमणीनं घरटं केलं होतं, आत पिल्लं होती. सुकदेव मिस्त्री, जो सुतार होता आणि लोखंडाचंही थोडंफार जाणत होता, म्हणाला की काढून कौलावर ठेवू. निर्मलकुमार नको म्हणाला. पुढच्या बाजूला पिल्लं उडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. त्यानं मागच्या चाकांपासून काम सुरू केलं, तेही हातोडीला चिंधी गुंडाळून.

राजकुंवर रोज दिवस मावळण्याआधी त्याचं ताट घेऊन जाई. दिवेलागणीनंतर तो जेवत नसे, त्यामुळे उशीर करून चालत नसे. ताट ठेवून लगेच परत फिरायचं, असं आईनं बजावलेलं. पण पिल्लं बघायला थांबण्यात काही वावगं नव्हतं.

"डोळे उघडले का त्यांनी?" ती विचारी.

"एकानं उघडलेत. दुसरं आळशी आहे. मालकावर गेलंय."

"मालक आळशी कसा? दिवसभर तर काम करतो."

"कामात लक्ष कुठे असतं..." तो म्हणे, आणि घाईनं पोळीचा तुकडा मोडी.

पिल्लं उडून गेली. त्या संध्याकाळी तिला थांबायला निमित्त उरलं नाही. मग त्यानं तिला इंजिन दाखवलं. ही हवा येण्याची वाट, हे तेल, इथे ठिणगी पडते. तिला निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही, पण त्याचा आवाज मात्र सगळा लक्षात राहिला. पुढे पुढे वाटीत रॉकेल घेऊन ती छोटे भाग धुऊन देऊ लागली. घरी गेल्यावर लिंबाच्या सालीनं हात चोळायची, तरी बोटांना वास राहायचाच. रात्री डोक्याखाली हात घेऊन झोपली की तो वास यायचा.

श्रावणात कौलांवर पावसाची संततधार लागली असताना इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी खोकला आल्यासारखा आवाज, मग धूर, मग सगळी वखार थरथरायला लागली. सूरजबाई पदर नाकाला लावून धावत आल्या. धुरातून निर्मलकुमारचे फक्त दात दिसत होते. तो पाहत होता राजकुंवरकडे, आणि सूरजबाई पाहत होत्या त्याच्याकडे.

त्याच आठवड्यात जळगावच्या सराफांचं स्थळ आलं. मोठं घर, मुलगा एकुलता. दसऱ्यानंतर ती माणसं येणार, मुलगी बघणार, आणि पसंत पडली की लगेच बोलणी करणार असं ठरलं. राजकुंवरला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा विचारत नसत. तिला एवढंच उमगलं की वखारीत ट्रक जसजसा बरा होतोय, तसतसं आपलं काहीतरी संपत चाललंय. ट्रक तयार झाला की तो जाणार. नवीन चाकं बसली त्या दिवशी सगळे खूश होते आणि ती ताट ठेवून तशीच परतली.

पर्युषण झालं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन, हात जोडून, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची रीत. निर्मलकुमार अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला. अमृतलालना वाकून नमस्कार झाला, सूरजबाईंना झाला. मग तो राजकुंवरपुढे उभा राहिला. जोडलेल्या हातांची नखं तेवढी काळी होती.

"जाणता-अजाणता काही चूक झाली असेल तर क्षमा करा."

"पापडांची का?" ती हळूच म्हणाली. "ती तर अजाणता झाली. आणखी काय केलंत अजाणता?"

त्यानं जरा विचार केला.

"अजाणता... काहीच नाही."

तिनंही हात जोडले.

आता उरली होती केबिन. कापडी टपाच्या जागी लाकडाची बंद केबिन करायची, पावसात माणूस भिजायला नको. निर्मलकुमारची एकच अट होती. पहिल्या फेरीला वडील शेजारी बसणार, आणि कन्हैयालाल पगडी उतरवून कुठेच बसत नसत. टप पगडीला लागता कामा नये. पण कन्हैयालाल भडगावला आणि सुकदेवला तर माप हवं. निर्मलकुमारच्या रुमालावर कसलं माप घेणार?

"काकाजींची पगडी मिळेल का... थोडा वेळ?" त्यानं राजकुंवरला विचारलं.

वडिलांची पगडी न विचारता खुंटीवरून काढायची, ही लहान गोष्ट नव्हती. राजकुंवरनं ती ओढणीखाली धरून आणली. निर्मलकुमार हात पुसून ती घ्यायला पुढे आला, आणि आपले हात पाहून थांबला. काळ्या हातांनी त्या केशरी कापडाला शिवणार कसं? सुकदेवचे हात चिकट सरसानं माखलेले. मग राजकुंवरनंच ती स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि ट्रकमध्ये चढून बसली. ताठ, समोर बघत, वडिलांसारखी. कन्हैयालाल बुटके, तिच्याच उंचीचे, म्हणून माप चालण्यासारखं होतं.

सुकदेव पट्टी धरून उभा होता. निर्मलकुमार खालून बघत होता.

"भाऊ, खूण करू का?" सुकदेवनं विचारलं. मग पुन्हा विचारलं.

"कर," तो म्हणाला. "वर दोन बोटं आणखी सोड."

दसऱ्याला ट्रक हिरव्या रंगात चमकत होता. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, सूरजबाईंनी इंजिनाच्या झाकणावर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. कन्हैयालाल भडगावहून आले, केबिनमध्ये बसले आणि डोकं डावीउजवीकडे हलवून पाहिलं. पगडीला कुठेच काही लागलं नाही. त्यांचा चेहरा असा फुलला की अमृतलालही हसले. गल्ली गोळा झाली. निर्मलकुमारनं इंजिन सुरू केलं, ट्रक सावकाश दाराकडे निघाला, आणि केबिनचा माथा दारावरच्या तुळईवर जाऊन खट्कन थांबला.

वीतभर उंच. चाकांतली हवा काढून पाहिली, तरी चार बोटं उरलीच. आत येताना ट्रकला टपच नव्हता, बाहेर जाताना तो होता.

कन्हैयालाल खाली उतरायला तयार होईनात. गल्लीतली माणसं तोंडावर हात ठेवून हसत होती. कुणीतरी सुतारालाच बोल लावला, तेव्हा रागानं सुकदेव आपल्या अहिराणीवर आला.

"माप बरोबर शे," तो म्हणाला. "शेठनी पगडी बाईना डोकावर ठेईसन लिधं."

हसणं थांबलं. अमृतलालनी आधी सुकदेवकडे पाहिलं, मग मुलीकडे. जळगावची माणसं चार दिवसांवर होती, आणि भर गल्लीत हे उघडं पडलं होतं की ती बापाची पगडी डोक्यावर घालून परक्या मुलाच्या ट्रकमध्ये बसली होती.

निर्मलकुमार खाली उतरला आणि अमृतलालपुढे येऊन उभा राहिला.

"पगडी मी मागितली होती, काकाजी. दाराची उंची मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. माप जास्त होतंय हेही तेव्हाच कळत होतं." तो थांबला. "पण त्या बसल्या होत्या... त्यांना मान खाली घाला म्हणून सांगवेना. आत्ता केबिन कापतो. तासाभराचं काम आहे."

ती तुळई अमृतलालच्या वडिलांनी बसवलेली, सागवानी, वर शेंदरानं शुभ-लाभ लिहिलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या मुलाच्या काळ्या नखांकडे.

"राजू," त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. "तुलाही माहीत होतं? दाराचं?"

ती खोटं बोलू शकली असती.

"होतं, बाबूजी. रोज त्याच दारातून ताट नेत होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

तिची नजर निर्मलकुमारकडे गेली. उत्तर सगळ्यांना कळलं. सूरजबाई पुढे झाल्या, नवऱ्याच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. ते काय होतं हे त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही.

अमृतलालनी पगडी सारखी केली.

"सुकदेव, केबिनला हात लावू नको," ते म्हणाले. "पगडी कुणी उतरवायची नाही. दार उंच कर." मग केबिनकडे मान वळवून म्हणाले, "कन्हैया, तू उतर आता. आत जाऊन बोलू. जळगावला निरोप धाडायचाय."

तुळई उतरवायला दुपार गेली. विटांची धूळ उडाली, झेंडूच्या माळा तांबड्या झाल्या. राजकुंवर घराच्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. शेजारी तीच खाट उभी करून ठेवलेली होती. दार मोकळं झालं, आणि एकट्या निर्मलकुमारनं ट्रक उतरत्या उन्हात बाहेर काढला.

गल्लीत वळून तो पुढे आला. तिच्या दाराशी येताच ट्रक थांबला, अगदी अलगद, जणू फूल टेकवावं तसा. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"आता ब्रेक आहेत," तो म्हणाला.

राजकुंवर उठली. आत दोन्ही वडिलांचे आवाज येत होते, मध्येच सूरजबाईंच्या बांगड्यांचा.

"मग थांबा ना," ती म्हणाली.