रेमंडच्या गाडीचे ब्रेक

"माझा नवरा गेला तो गेला. आता लोक त्याच्या नावावर थुंकतायत," मेव्हिस टॉली कोटही न काढता म्हणाल्या.

ओल्वेन प्राइसने त्यांना बसवलं. खाजगी तपासाचं काम ती लडलो गावात बरीच वर्षं करत होती. तिचा जोडीदार बर्नर्ड टल्क टिपणं घ्यायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

मेव्हिसबाईंचा नवरा रेमंड गॅरेजमध्ये जुन्या रेसिंग गाडीची नक्कल बांधत होता. ती अर्धवट सोडूनच तो वारला. भूगोल शिकवणाऱ्या नेव्हिल हास्कने ती विकत घेतली. गाडीचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्यांदाच इंजिन चालू करून तो अंगणाच्या उतारावरून निघाला आणि ब्रेकचं पेडल तळाला गेलं. फाटकापाशी त्याची बायको ऑड्री उभी होती. तिचा पाय भिंतीशी चिरडला. गावात सगळे रेमंडच्या कामालाच दोष देत होते.

नेव्हिलने ओल्वेन आणि बर्नर्डला गाडी दाखवली, पण तिच्याकडे बघणं त्याला नको वाटत होतं. मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या नळीचा नट सैल निघाला होता. ऑइल सांडलं म्हणून शेजाऱ्याने लगेच पाणी मारून सगळं धुतलं होतं.

"हे काय?" ओल्वेनने बॉनेटवरच्या सोललेल्या डागावर बोट ठेवलं.

नेव्हिल ओशाळला. अपघाताच्या आठवड्यात ब्रेक ऑइल भरताना त्याच्याकडून तिथे थोडं सांडलं होतं आणि सकाळपर्यंत रंगाचे पोपडे निघाले होते. त्या दिवशी पेडल मात्र घट्ट लागत होतं, असं तो शपथेवर सांगत होता. त्याच्याकडे एकच स्क्रू पाना होता. त्या पान्याने हात लावलेल्या प्रत्येक नटाचे कोपरे त्याने गोल करून टाकले होते.

"तुमच्याशिवाय गाडीला कुणी हात लावला?"

"डेस्मंडने. जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तपासून गेला बिचारा. मी आत चहा करत होतो. आता तोच हे भंगार उचलून न्यायला तयार आहे."

ओल्वेन टॉर्च घेऊन गाडीखाली बराच वेळ पडून राहिली.

डेस्मंड क्रूने दोघांचं अगत्याने स्वागत केलं. बर्नर्डला माणूस फार आवडला. रेमंडच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता. भिंतीवरचे चकचकीत पाने त्याने हळवेपणाने दाखवले. ते रेमंडचे होते. अंत्यविधीनंतर मेव्हिसबाईंनीच दिले होते. ब्रेकच्या नळीचा खास पानाही त्यांत होता.

"खरं सांगू? मागचा तो जोड वर्षभर ठिबकत होता," डेस्मंड आवाज खाली आणून म्हणाला. "रेमंडला मी सांगितलंही होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं!"

बाहेर पडल्यावर बर्नर्ड म्हणाला, "म्हणजे रेमंडचीच चूक. नाहीतर मास्तरने काहीतरी पिळलं असणार."

ओल्वेनने पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी नेव्हिलच्या गॅरेजमध्ये मेव्हिसबाई, डेस्मंड, पोलीस, सगळे जमले. ऑड्री कुबड्या घेऊन दारात बसली होती.

"ब्रेक ऑइल रंग खातं," ओल्वेन म्हणाली. "बॉनेटवर एका रात्रीत पोपडे निघाले. जोड वर्षभर ठिबकत असता, तर त्याखालच्या सांगाड्याचा रंग शिल्लकच राहिला नसता. तिथला रंग आरशासारखा आहे. ऑइल आलं ते फक्त अपघाताच्या दिवशी, आणि लगेच धुतलं गेलं. म्हणजे रेमंडने नट घट्टच बसवला होता."

"मग मी...?" नेव्हिलचा चेहरा पांढरा पडला.

"तुमचा पाना नटाचे कोपरे खातो. या नटाचे कोपरे शाबूत आहेत. तो खास पान्याने, जाणत्या हाताने सैल केलाय. तसा पाना डेस्मंडकडे आहे. गाडीपाशी एकटाही तोच होता. आणि न घडलेल्या गळतीची गोष्ट रचून सांगितली तीही त्यानेच."

मेव्हिसबाई हळूच म्हणाल्या, "गाडी यालाच हवी होती. रेमंडला मातीत ठेवून आलो त्याच दिवशी मागितली. मी नाही म्हटलं."

डेस्मंडने खांदे उडवले. "अंगणातल्या अंगणात काय होणार होतं? कुठेतरी आपटला असता, घाबरून गाडी सोडली असती. ती मध्ये उभी असेल हे मला काय माहीत? रेमंडच्या गाडीची हा मास्तर नुसती माती करणार होता."

ऑड्री त्याच्याकडे पाहत राहिली. "दवाखान्यात तुम्ही मला फुलं आणून दिलीत," ती म्हणाली.

पोलीस त्याला घेऊन गेले. नेव्हिल भिंतीकडे तोंड करून रडत होता. मेव्हिसबाईंनी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

परतताना बर्नर्डने मध्येच गाडी थांबवायला लावली. बाहेर उतरून तो कुंपणाला धरून उभा राहिला.

"मला तो माणूस आवडला होता गं," तो म्हणाला.

"मलाही," ओल्वेन म्हणाली. "तो आवडला होता, याचीच जास्त शिसारी येतेय."